आउटबॅकला निघताना आधी पाणी मोजा, मग किलोमीटर

मे महिना उजाडला की मेलबर्न-ॲडलेडच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "गाडीनं उलुरूला जायचंय, किती तास लागतील?" उलुरू म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला प्रचंड तांबडा खडक. विचारणाऱ्याच्या डोक्यात पुणे-नागपूर असतं. पहाटे निघू, वाटेत जेवू, उशिरा का होईना रात्री पोहोचू. आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागात, हा हिशेब पहिल्याच संध्याकाळी मोडतो. तिथं अंधारात गाडी हाकायची नसते, एका पंपापासून दुसरा दोनशे किलोमीटरवर असतो आणि गाडी अडली तर ढाब्यावरचा पोऱ्या धावत जाऊन मेकॅनिकला घेऊन येत नाही.

लोक चुकतात ते बहुतेक तयारीच्या क्रमात. आधी मुक्कामाचं बुकिंग, मग गाडी, मग नकाशा, आणि पाण्याचा विचार शेवटच्या सुपरमार्केटच्या दारात. हा क्रम उलटा करायचा. उदाहरणाला मी ऊडनडाटा ट्रॅक घेतलाय: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी गावापासून मार्लापर्यंतचा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. मार्लाला स्टुअर्ट हायवे लागतो आणि तिथून उलुरूपर्यंत सगळं डांबर. ज्यांना कच्च्यात शिरायचंच नाही, त्यांनी पोर्ट ऑगस्टाहून थेट स्टुअर्ट हायवे धरावा. त्यांनाही पायऱ्या याच, फक्त आठवी वरवर वाचली तरी चालेल.

## पायरी १: आधी महिना ठरवा

मे ते सप्टेंबर. याला अपवाद नको. "डिसेंबरात मुलांना सुट्टी असते" हे कारण तिथल्या उन्हाला सांगून उपयोग नाही. ऊडनडाटामध्ये २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलंय. शेजारच्या सिम्प्सन वाळवंटातली उद्यानं १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच ठेवतात. सिम्प्सन हा नवख्यांचा रस्ताही नाही, तिकडे पहिल्या सहलीत बघूसुद्धा नका.

हिवाळ्यात दुपार सुखाची असते, पण पहाटे पारा शून्याजवळ जातो. वाळवंट म्हणजे गरम, असं समजून पातळ चादर घेऊन गेलेले लोक रात्री गाडीत हीटर लावून बसलेले मी पाहिलेत. शून्याला चालणारी स्लीपिंग बॅग आणि जमिनीची थंडी अडवणारी जाड मॅट या दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका.

सावधान: पाऊस झाला की कच्चा रस्ता सरकार बंद करतं. तिथली तांबडी माती थोड्या पावसातही मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी चाकाला थापली जाते. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड भारी, आणि विमा हात वर करतो. म्हणून सहलीत दोन दिवस रिकामे ठेवाच.

## पायरी २: गाडीचे कागद वाचा, मग बुकिंग करा

भाड्याची गाडी असेल तर करारातली चार वाक्यं शोधायची. कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का? अंधारात गावाबाहेर चालवायला आहे का? टायर, काच, गाडीचा तळ आणि पाण्यानं झालेलं नुकसान विम्यात येतं का? टो करून आणायचा खर्च कुणाचा? बहुतेक साध्या करारांत पहिल्या दोन प्रश्नांना "नाही" असं उत्तर असतं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली, असं नव्हे. काउंटरवरचा माणूस तोंडी "चालेल" म्हणाला तर ईमेलवर लिहून मागा.

स्वतःची गाडी असेल तर निघण्यापूर्वी तीन आठवडे सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नको. नवा पट्टा, नवा होज, नवी बॅटरी यांतलं काही सदोष निघायचं असेल तर ते घराजवळ निघू दे. ट्रॅकसाठी उंच गाडी, जाड बाजूंचे टायर आणि शक्यतो दोन स्टेपन्या लागतात. स्टेपनी गाडीखाली टांगलेली असेल तर ती घरीच एकदा उतरवून, लावून बघा. जॅक, पाना आणि लॉकनटची चावी कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं.

जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या. आमच्या पहिल्या फेरीत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच मातीत खाली जात राहिला. शेवटी सासूबाईंचा पोळपाट घातला. त्याचे दोन तुकडे झाले, पण चाक निघालं. पोळपाटाचा विषय अजून घरात निघतो.

तपासणी: टपावरचं सामान. गाडीच्या पुस्तकात टपाची वजनमर्यादा दिलेली असते. तंबू, कॅन, स्टेपनी, बॅगा सगळं वर चढवलं की ती सहज ओलांडली जाते. जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे, हलक्या वर.

## पायरी ३: उजेडाचा आणि इंधनाचा तक्ता

इथंच घोडं पेंड खातं, म्हणून जरा सावकाश.

जुलैत त्या भागात दिवस साडेदहा तासांच्या आसपासचा असतो. सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास कापा, कारण कांगारू आणि गुरं तेव्हाच रस्त्यावर येतात. उरले साडेआठ. जेवण, चहा, फोटो, पंप, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणं, आणि चार वाजता तंबूची जागा शोधणं. चालवायला उरतात पाच तास, फार तर साडेपाच. कच्च्यावर सरासरी ताशी ५५-६० किलोमीटर पडतात. म्हणजे दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटर. गूगल नकाशा काहीही म्हणो.

या हिशेबानं ॲडलेडहून पहिला मुक्काम हॉकर, दुसरा मारी, तिसरा कावर्ड स्प्रिंग्ज, चौथा ऊडनडाटाच्या अलीकडे अल्जेबकिना पुलाजवळ, पाचवा मार्ला, सहावा युलारा, म्हणजे उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव. शेवटचा दिवस पाचशेच्या आसपास जातो, पण तो डांबरी आहे म्हणून चालतो. तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवलाय. कच्च्या रस्त्याचा पहिला दिवस असतो, गाडीत काय काय खुळखुळतं ते त्या दिवशी कळतं.

आता इंधन. मारी ते विल्यम क्रीक सुमारे २०४ किलोमीटर, तिथून ऊडनडाटा २०३, तिथून मार्ला २१० च्या आसपास. मधे काही नाही. नियम असा: पुढच्या पंपापर्यंत *जाऊन परत येण्याइतकं* इंधन गाडीत असलंच पाहिजे. पुढचा पंप बंद असेल, वीज गेली असेल, वाटेतला ओढा भरला असेल तर मागे फिरता आलं पाहिजे. २०४ ची दुप्पट ४०८. शहराजवळ तुमची गाडी शंभर किलोमीटरला ११ लिटर पीत असेल तर लादलेली, टपावर ओझं घेऊन कच्च्यावरून जाणारी गाडी १४ धरा. झाले ५७ लिटर. टाकी ७० लिटरची असेल तर निभावतं. ५५ ची असेल तर २० लिटरचा एक कॅन लागतो. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत कधीही नको.

डांबरी रस्त्यानं जाणाऱ्यांनीही गाफील राहू नये. स्टुअर्ट हायवेवर ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी २५४ किलोमीटरांत पंप नाही.

तपासणी: प्रत्येक पंपावर आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: उघडा आहे ना, किती वाजेपर्यंत, तुमचं इंधन आहे ना. मध्य ऑस्ट्रेलियात साध्या पेट्रोलऐवजी "ओपल" किंवा "लो ॲरोमॅटिक" अशी पाटी दिसेल. साध्या ९१ वर चालणाऱ्या गाडीला ते चालतं. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन रोखण्यासाठी ते तिथं विकतात. पाटी पाहून पुढे जाऊ नका.

## पायरी ४: बोलायची सोय

मोबाइल गाव सोडलं की मेला समजा. टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचं जाळं सर्वांत दूर जातं, तेही गावांभोवतीच. म्हणून:

१. पीएलबी: तळहातावर मावणारा, उपग्रहामार्फत मदत मागणारा आपत्कालीन बीकन. ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे तो विनामूल्य नोंदवता येतो. नोंदणीत सहलीचा मार्ग आणि माणसं लिहून ठेवा. जीव धोक्यात असेल तेव्हाच तो चालू करायचा, मोकळ्या आभाळाखाली अँटेना उभी करून. पंक्चरसाठी नाही.

२. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर: "दोन दिवस उशीर होतोय" एवढं सांगायला. बीकनला हे सांगता येत नाही. भाड्यानंही मिळतो.

३. यूएचएफ रेडिओ: जवळपासच्या गाड्यांशी बोलायला. हायवेवर ट्रकवाले चॅनल ४० वर असतात. ५ आणि ३५ फक्त आणीबाणीचे. त्यावर गाणी म्हणू नयेत. म्हणतात लोक.

४. घरचा माणूस: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरलेलं साधन. शहरातल्या एका भरवशाच्या माणसाला कागद द्या: रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग, माणसं किती, आणि *कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं*. "पोहोचलो की व्हॉट्सॲप करतो" हा कागद नव्हे.

भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या सहलीच्या दुप्पट दिवसांच्या घ्या, अर्ध्या एका बॅगेत, अर्ध्या दुसऱ्या. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान दूरवर येतं, पण तुम्ही नेमके कुठे आहात ते तुम्हालाच सांगावं लागतं. इंटरनेट नसताना फोनवर अक्षांश-रेखांश कसे पाहायचे ते घरी शिकून ठेवा.

## पायरी ५: पाणी, डबा आणि राज्याची सीमा

माणशी रोज दहा लिटर. पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं सगळं त्यात. शिवाय ठरलेल्या दिवसांवर तीन दिवसांचं जास्त. चौघांना ट्रॅकचे तीन दिवस अधिक राखीव तीन म्हणजे २४० लिटर होतात, आणि इथं लोकांचे डोळे पांढरे होतात. वाटेत मारी आणि ऊडनडाटाला पाणी घेता येतं हे धरून आम्ही एका वेळी १२० लिटर नेतो, पण त्याच्या खाली उतरत नाही. प्रत्येक गावात कॅन भरून घ्यायचे, रिकामे झाले नसले तरी. नळाचं पाणी पिण्याचं आहे का, हे विचारून. काही ठिकाणी बोअरचं खारट येतं.

सगळं पाणी एका टाकीत नको. दहा-दहा लिटरचे कॅन घ्या. एक फुटला तर उरलेले राहतात.

मेलबर्नहून मिल्ड्युरामार्गे येणाऱ्यांची चूक वेगळीच. रेनमार्कच्या अलीकडे याम्बा इथं फळमाशीची तपासणी चौकी आहे. टोमॅटो, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे, सगळं तिथं टाकावं लागतं आणि लपवलं तर दंड. शिजवलेली भाजी आणि सुकवलेले जिन्नस चालतात. म्हणून ताजं सामान पोर्ट ऑगस्टाला घ्या आणि घरून असं न्या: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सांडगी मिरची, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळ-तांदूळ, गूळ, आणि लिंबाऐवजी आमसुलं. मीठ-गूळ घातलेलं कोकमाचं पाणी दुपारी दुकानातल्या कुठल्याही निळ्या-हिरव्या पेयापेक्षा बरं उतरतं.

छोटा कुकर न्या. खिचडी बारा मिनिटांत होते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. ताटं आधी कागदानं पुसायची, मग ओल्या फडक्यानं. मोरीवर भांडी घासायची सवय इथं परवडत नाही.

## पायरी ६: परवाने

पटकन उरकू. आदिवासी जमिनींतून जाणाऱ्या काही रस्त्यांना, उदाहरणार्थ युलाराच्या पश्चिमेचा ग्रेट सेंट्रल रोड, आधी परवाना लागतो. आपल्या मार्गावर तो लागत नाही. उलुरू-काटा त्युटा उद्यानाचं तिकीट काढावं लागतं, उद्यानाच्या आत तंबू टाकता येत नाही, मुक्काम युलारात. जुलैच्या सुट्टीत तिथली जागा भरते, म्हणून हे बुकिंग लवकर. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. "फोटोपुरतं थोडंसं" हेही बंदच.

## पायरी ७: निघायची सकाळ

रोज, इंजिन चालू करण्यापूर्वी: तेल, कूलंट, टायर डोळ्यांनी आणि मापकानं, चाकांचे नट पान्यानं. पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर दिवसभर हादरे बसून नट सैल होतात. गाडीखाली वाकून काही लोंबतंय का, गळतंय का पाहा. मग सरकारी संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे का ते बघा आणि रोडहाऊसच्या, म्हणजे वाटेतल्या पंप-खानावळीच्या, माणसाला विचारा. संकेतस्थळ कालचं सांगतं, तो माणूस आजचं सांगतो.

## पायरी ८: कच्च्या रस्त्यावर

१. डांबर संपलं की थांबा. टायरची हवा ३६-३८ पाउंडांवरून २८ च्या आसपास आणा. टायर दगडावर दबतो, फाटत नाही. पण हवा कमी म्हणजे वेगही कमी: ८० च्या वर जायचं नाही. डांबर लागलं की परत भरा, म्हणून कंप्रेसर हवा.

२. फोर-व्हील-ड्राइव्ह इथेच लावा. अडकल्यावर लावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

३. समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे. धुरळ्यात पुढचं दिसत नसेल तर धुरळा बसेपर्यंत थांबा. धुरळ्यात ओव्हरटेक करणारा माणूस समोरचं काय चुकवणार?

४. ब्रेक हळू, स्टिअरिंग हळू. आडवा आलेला कांगारू चुकवायला गाडी वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा. कांगारूपेक्षा उलटलेली गाडी जास्त माणसं मारते.

५. मेलेल्या जनावरावर मोठे गरुड बसलेले असतात. पोट भरलेला गरुड जड उठतो आणि थेट काचेच्या उंचीला येतो. वेग बराच कमी करा.

६. "डिप" किंवा "फ्लडवे" ची पाटी म्हणजे ओढ्याचं पात्र. कोरडं असेल तरी वेग कमी. पाणी वाहत असेल तर थांबा, लागला तर दिवसभर.

हायवेवर रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतील, ५३ मीटरपर्यंत लांब. ओव्हरटेक करायला समोर दीड-दोन किलोमीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. आपल्या घाटांत "अति घाई संकटात नेई" लिहिलेलं असतं ते वळणांसाठी. इथं वळणच नसतं, त्यामुळे डोळा लागतो. दर दोन तासांनी चालक बदला.

## पायरी ९: तंबू

चार वाजता शोध सुरू, पाचला तंबू उभा. कोरडी मऊ वाळू पाहून नदीच्या पात्रात झोपू नका. पाऊस शंभर किलोमीटरवर पडतो आणि पाणी रात्री तुमच्यापर्यंत येतं. मोठ्या निलगिरीखालीही नको. रिव्हर रेड गमची जाड फांदी वारा नसतानाही तुटून पडते. गुरांच्या पाणवठ्यापासून किमान अर्धा किलोमीटर दूर राहा, नाहीतर गुरं तुमच्या भीतीनं पाण्यावर येत नाहीत.

तंबूची चेन कायम बंद. बूट आत, अन्न गाडीत, कारण डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, दोन्ही पळवतो. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बंद बूट. शौचासाठी फावडं घेऊन पाण्यापासून शंभर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. कागद पिशवीत परत.

सावधान: साप चावला तर चिरा देणं, धुणं, दोरीनं आवळणं हे सगळं विसरा. रुंद इलॅस्टिक बँडेज चावलेल्या जागेवरून सुरू करून पूर्ण हातापायाला गुंडाळा, काठी बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. अशी दोन बँडेज हाताशी ठेवा. मग बीकन.

आग लावायची तर आधी त्या दिवशी फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, आहे का पाहा. उद्यानांतलं लाकूड गोळा करायचं नसतं. स्वयंपाक गॅसवरच करा.

## पायरी १०: गाडी बंद पडली तर

गाडी सोडू नका. हे वाक्य डॅशबोर्डवर चिकटवा. १९६३ च्या नाताळात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका कुटुंबाची गाडी अशीच इंधन संपून थांबली. ते गाडी सोडून गेले आणि पाचही जण तहानेनं मेले. विमानातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

क्रम असा: बोनेट उघडं ठेवा, म्हणजे लांबून येणाऱ्याला अडचण कळते. ताडपत्री बांधून सावली करा. गाडीच्या आत दुपारी बसू नका. पाणी मोजा, पण तहान दाबून ठेवू नका. रेडिओ, मग सॅटेलाइट फोन. जिवावर बेतलं असेल, किंवा पाणी संपत आलं आणि कुणाशीच संपर्क होत नसेल, तर बीकन. रेडिएटरचं पाणी पिऊ नका, ते विषारी असतं. दिवसा आरसा, रात्री हेडलाइट. रस्ता जुलैतला ऊडनडाटा ट्रॅक असेल तर बहुधा बीकनपर्यंत वेळ येणार नाही. कुणीतरी थांबेलच, तिथं न थांबता जायची पद्धत नाही. तुम्हीही थांबा.

युलाराला पोहोचलात की आंघोळ नंतर. आधी त्या घरच्या माणसाला फोन करा. एकदा आम्ही विसरलो, जेवून झोपलो, आणि सकाळी दारात दोन पोलीस उभे होते. कागदावर वेळ आम्हीच लिहून दिली होती.